वडुळीच्या तलावाचं कार्ड

दर गुरुवारी मिरजगावच्या टपालपेटीत एक कार्ड पडायचं आणि शनिवारी ते नगरला नृसिंहरावांच्या हातात यायचं. चौदा वर्षांत त्यात कधी खंड पडला नव्हता. कार्डावर मायना नसे, खुशाली नसे. ‘पाणी अकरा फूट. रंग पातळ चहासारखा. वारा मावळतीचा, सकाळी नाही. मरळ गांडुळाला लागते. कटला कणकेला, तोही उन्हं चढायच्या आत. मोठ्यात मोठा साडेतीन शेर, छगन टेलरांनी धरला. सोमवारी येऊ नये, काठावर धुणी फार.’ खाली मोठ्या अक्षरांत ‘सहादेव, तलाव वडुळी’. एवढंच.

सहादेव हा वडुळीच्या तलावावरचा चौकीदार. शिक्षण तिसरीपर्यंत. सकाळी पाणी सोडायच्या मोरीच्या भिंतीवरची पाण्याची पट्टी वाचायची, आकडा वहीत लिहायचा, भराव खचला-बिचला तर वरती कळवायचं, एवढं त्याचं काम. पण तरणेपणी नगरच्या कॅम्पात एका फौजी सुभेदाराच्या घरी तो दोन वर्षं पाणी भरायला होता. सुभेदाराला गळाचा नाद होता. तो नाद सहादेवाला लागला आणि जन्मभर पुरला. पाण्यात कोपरापर्यंत हात घालून तो सांगायचा, आज मासा खालच्या अंगाला बसलाय, दुपारपर्यंत हलायचा नाही. आणि तो हलत नसे.

वडुळीत माळकरी घरं फार. तलावातले मासे नाथाचे, अशी गावाची जुनी समजूत. भरावाच्या टोकाशी नाथाचं लहानसं ठाणं आहे, तिथून नाथ पाण्याकडं बघतो म्हणे. सहादेव कामावर लागला त्या साली एक ठेकेदार जाळी घेऊन आला होता. गाव चवताळून उठलं. गळसुद्धा बंद, अशी भाषा सुरू झाली. तेव्हा सहादेवानं ठाण्यापुढं सगळ्यांदेखत शपथेचा भंडारा उचलला. म्हणाला, “जाळं टाकनार न्हाई आन् कुनाला टाकू देनार न्हाई. गळाला लागंल त्यो मासा मानसाचा. बाकी समदा नाथाचा.” गावाला ते पटलं. गळ म्हणजे एका माणसाची आणि एका माशाची गाठ. ज्याला भूक लागेल तो येईल, शहाणा असेल तो जाईल. त्या दिवसापासून सहादेवानं मेलेला मासादेखील कधी हातानं उचलून घरी नेला नाही.

नृसिंहराव नगरच्या कोर्टात शिरस्तेदार. घरात सोवळंओवळं कडक. ते मासा खात नसत. धरलेला मासा रुमालात धरून गळ काढायचे आणि कुणालातरी देऊन टाकायचे. घरी गेले की पत्नी नीलांबरीबाई त्यांना मागच्या दारानं आत घेत आणि मोरीवर दोन बादल्या आंघोळ घालायला लावत. “खायचा नाही तर धरता कशाला?” असं त्या विचारत आणि नृसिंहराव डोक्यावर बादली ओतून घेत. शनिवारी संध्याकाळी छगन टेलरच्या दुकानात आठ-दहा गळवाले जमत. नृसिंहराव चष्मा लावून वडुळीचं कार्ड वाचत. कार्डात ‘या’ असेल तर मंडळी रविवारी पहिल्या एस.टी.नं निघत. ‘येऊ नये’ असेल तर कुणी निघत नसे. कार्ड आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

एकाहत्तरला पाऊस कमी झाला. बहात्तरला झालाच नाही. कार्डं आखूड होत गेली. ‘पाणी सहा फूट. येऊ नये.’ ‘पाणी चार फूट. येऊ नये.’ दिवाळीनंतर मंडळींनी दुकानात जमणंही सोडलं, तरी कार्ड यायचं थांबलं नाही.

त्र्याहत्तरच्या चैत्रात तलाव म्हणजे मोरीखालचा दोन-अडीच एकरांचा डोह तेवढा उरला होता. बाकी सगळी भेगाळलेली माती. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते. वडुळी आणि शेजारच्या दुष्काळी खडीच्या कामावरची सहाशे माणसं त्या डोहाच्या काठाला झिरे खणून पाणी पीत होती. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, कधी यायचाही नाही. सहादेवाची मुलगी मनकर्णा बाळंतपणाला आली होती, तिला मुलगी झाली होती. दोन महिन्यांची. मनकर्णा झिऱ्याचं पाणी फडक्यातून दोनदा गाळायची, उकळायची, आणि तरी पोरीचं पोट ठीक राहत नव्हतं.

आणि अकरा फूट पाण्यातले मासे आता दोन फुटांत आले होते.

दिवसा पाणी अंगाला चटका बसावा इतकं तापायचं. सहादेव रोज सकाळी त्यात कोपर घालून बघे. उजाडायच्या वेळी सगळा डोह हलल्यासारखा दिसायचा. हजारो तोंडं पाण्याच्या वर उघडी, वारा पीत. मरळीला काही होत नाही, ती चिखलातसुद्धा जगते. पण कटला आणि रोहू रोज पाच, दहा, वीस असे पांढरं पोट वर करून काठाला लागत होते. सहादेव ते फावड्यानं ओढून लांब नेऊन पुरायचा. एके दिवशी पुरून परत येईतो आणखी तेवढेच आले. वारा पडला की वास गावापर्यंत जाऊ लागला. हे सगळे एकदम मेले तर डोह नासेल, आणि डोह नासला की वडुळीला पाणी नाही, हे सहादेवाला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. खडीच्या कामावरचे लोक बिऱ्हाडं उचलून दुसरीकडं जातील. वडुळीनं कुठं जायचं?

तो ठाण्यावर गेला. कारभारीबाबा गुरव पायरीवर बसले होते. वय सत्तरीचं, डोळ्यांत फूल पडलेलं.

“बाबा, मासा काढाया पायजे. समदा. जाळं लावून दोन दिवसांत निघंल.”

“कुनी भंडारा उचललाय?”

“म्या.”

“मग मला काय इचारतोस?” कारभारीबाबा म्हणाले. आणि त्यांनीच पुढं सांगितलं, “दोन साल पानी न्हाई. गावात काय बोलत्यात, ठावं हाय ना? गळानं नाथाची लेकरं टोचली म्हनून. तुझं नाव घेत्यात. आता जाळं लावशील तर तुला बी भराव उतरू देनार न्हाईत आन् मला बी.”

“पानी नासलं तर?”

“नाथाचं पानी नाथ राखंल.”

सहादेव उठला. बाबांचं बोलणं त्याला खोटं वाटत नव्हतं, हीच अडचण होती. त्यालाही रात्री अंथरुणावर तेच वाटायचं, की आपण टोचलेले मासे नाथानं मोजून ठेवले असतील.

जाळं नाही. मग राहिला गळ. एका माणसानं दिवसभर बसून पाच मासे निघाले तर निघाले. पण दहा जण आले तर? दर रविवारी आले तर? आकडे जमत नाहीत हे त्याला कळत होतं. तापलेल्या पाण्यात दम कोंडलेला मासा आमिषाकडं बघतसुद्धा नाही, हे तर साऱ्या तालुक्यात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. गुरुवारी तो कार्ड घेऊन बसला.

त्याच्या बायकोला, छबूबाईला, वाचता येत नव्हतं. लिहून झालं की तो कार्ड तिला वाचून दाखवायचा आणि ती म्हणायची, ‘बरं हाय’. चौदा वर्षांची ती रीत होती. त्या दिवशी त्यानं लिहिलं, शाई वाळवली आणि कार्ड खिशात घातलं.

“वाचलं न्हाई ते?” छबूबाईनं चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

“काय न्हाई इशेष.”

“इशेष तर कवाच नसतं. पानी हाय, मासा हाय, वारा हाय.”

त्यानं वाचून दाखवलं नाही. पायताण घालून तो मिरजगावची वाट चालू लागला. खरं लिहून ‘मदतीला या’ म्हणावं, असं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण कोर्टातली, दुकानदारीतली माणसं चिखलातले अर्धमेले मासे उपसायला कोण येणार? त्यांनी आजवर त्याच्या शब्दावर यावं असं एकच कारण होतं, मासा घेतोय. तेच त्यानं लिहिलं.

रविवारी साडेनऊला एस.टी. थांबली. नऊ जण उतरले. काठ्या, डबे, छत्र्या, कणकेच्या पुरचुंड्या. छगन टेलर तर गाणं गुणगुणत होता. सहा महिन्यांत त्यानं काठी हातात धरली नव्हती. सहादेव भरावाच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं नमस्कार केला आणि पुढं चालू लागला. मागं वळून बघायचा त्याला धीर होईना.

भरावावर चढल्यावर मंडळींचं बोलणं एकदम थांबलं.

खाली फुटकं पात्र पडावं तसा तलाव पडला होता. मोरीपाशी हिरवट डबकं. काठाला बायकांची रांग, झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत बसलेली. वाऱ्यावर वास. नृसिंहरावांनी छत्री मिटली. कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि दुकानात वाचायचे त्याच आवाजात वाचलं.

“‘पाणी सात फूट. निवळ. वारा मावळतीचा. कटला कणकेला सारखा घेतो. मोठ्यात मोठा पाच शेर. सर्वांनी यावं.’”

मग छगन टेलर म्हणाला, “सात फूट म्हणजे, सहादेवबुवा, झाडावर चढून मोजलं का?”

“निवळ तर आहेच,” दुसरा म्हणाला. “तळ दिसतोय.”

दोघेतिघे हसले. सहादेवाची मान खाली गेली ती वर आली नाही. तो एवढंच म्हणाला, “आलाच हायसा तर बसा. मासा लई हाय. निघाया पायजे.”

आल्यासारखं बसले. नऊ काठ्या डबक्याभोवती लागल्या. ऊन तापलं. मासे होतेच, काठ्यांच्या सावलीतून काळ्या पाठी सरकत होत्या, दोरीला घासून जात होत्या. दोरीला बांधलेलं तरंगणारं पीस हलायचं, मंडळी सरसावायची आणि काही नाही. मासा आमिषाला धडकून पुढं जायचा, आंधळ्यासारखा. पाणी भरायला आलेली एक म्हातारी, चांगुणा तिचं नाव, बघून बघून म्हणाली, “नगरचं लोक पानी प्याया येत्यात का मासं खिजवाया?” बारापर्यंत सगळ्यांत मिळून चार मासे निघाले. त्यातल्या तीन मरळी. म्हणजे जे मरणार नव्हते तेच.

“हे ठाऊक होतं ना तुम्हाला?” छगन टेलरनं काठी आवरत विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “गरम पाण्यात घेत नाही म्हणून तुम्हीच शिकवलंत आम्हाला.”

“व्हय.”

“मग?”

दोनच्या गाडीनं आठ जण परत गेले. कुणी रागावून बोललं नाही. जाताना कुणी ‘येतो’ असंही म्हटलं नाही.

नृसिंहराव गेले नाहीत. भरावावरच्या बाभळीच्या फिकट सावलीत ते कोट मांडीवर घेऊन बसून राहिले.

“रावसाहेब, गाडी गेली.”

“दिसली मला.” “सहादेव, चौदा वर्षांची कार्डं मी फडताळात दोरा बांधून ठेवलीत. कोर्टात रोज शपथेवर खोटं बोलणारी माणसं बघतो. घरी येऊन ती कार्डं बघायचो. आता त्यात हे कुठं ठेवू?”

सहादेव त्यांच्यापासून चार हात लांब मातीत बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. भंडारा, कारभारीबाबा, वास, मनकर्णेची पोर.

“खरं लिहिलं असतंत तरी मी आलो असतो,” नृसिंहराव म्हणाले.

“तुमी आला असता. नऊ न्हाई आले असते.”

“आणि नऊ येऊन काय झालं?”

उन्हं कलली तेव्हा नृसिंहरावांनी विचारलं, “मासा वर केव्हा येतो?”

“झुंजुमुंजु व्हतंय तवा. तोंडं वर काढून उभा ऱ्हातो. हातानं बी उचलून घ्यावा असा.”

“मग हातानं उचलावा.”

“मला न्हाई जमायचं. गळाला लागंल त्योच मानसाचा. म्या भंडारा उचललाय.”

“तुम्ही उचललात,” नृसिंहराव म्हणाले. “मी नाही उचलला.”

त्या रात्री ते सहादेवाच्या पडवीत झोपले. छबूबाईनं भाकरी दिली ती त्यांनी न बोलता खाल्ली. पाण्याचा तांब्या मात्र तोंडाशी नेऊन क्षणभर थांबले, मग डोळे मिटून प्यायले.

पहाटे फटफटलं तेव्हा सहादेव जागा झाला. पडवी रिकामी होती. तो भरावाकडं धावला. खाली डोहात, धोतर गुडघ्यांवर खोचून, उघड्या अंगानं, जानवं कानाला गुंडाळून नृसिंहराव मांडीइतक्या पाण्यात उभे होते. खडीच्या कामावरचं एक घमेलं त्यांच्या हातात होतं. त्यांच्या सभोवती हजार तोंडं उघडझाप करत होती. ते घमेलं बुडवत, वर उचलत, मासे काठावर उपडे करत आणि परत आत येत. साठीकडं झुकलेला माणूस. तिसऱ्या खेपेला त्यांचा पाय घसरला, ते बसकण मारून चिखलात पडले आणि उठून परत घमेलं शोधू लागले. रुमाल काठावर कोटावर घडी करून ठेवलेला होता.

सहादेव भरावावर उभा राहून बघत होता. उजव्या हाताला ठाणं होतं. कारभारीबाबा पायरीवर येऊन बसले होते. त्यांना दिसत नव्हतं, पण पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

“कोन हाय रं पान्यात?”

“नगरचं रावसाहेब.”

“एकलंच?”

सहादेव ठाण्याशी गेला, पायताण काढलं, पायरीवर डोकं टेकलं. आपली गळाची काठी त्यानं येताना हातात घेतली होती, सवयीनं. ती त्यानं पायरीवर आडवी ठेवली.

“तुझं तुझ्यापाशी, सहादेवा,” कारभारीबाबा म्हणाले. शिवी दिली नाही की आशीर्वाद दिला नाही.

सहादेव पाण्यात उतरला. पहिला मासा त्यानं दोन्ही हातांत धरला. पाच शेराचा कटला होता. कार्डात लिहिला होता तेवढाच. माशानं धडपड केली नाही, निपचित हातात पडून राहिला.

उन्हं वर यायच्या आत छबूबाई आली, तिच्यामागून चांगुणा, मग खडीच्या कामावरच्या बायका घमेली घेऊन. त्या परगावच्या होत्या, त्यांनी कसला भंडारा उचललेला नव्हता. महिनोन्महिने सरकारी सुकडीवर जगलेली माणसं ती. त्या दिवशी त्यांच्या चुलींवर काय शिजलं ते सांगायला नको. माळकरी घरांनी दारं लोटून घेतली, पण अडवायला कुणी आलं नाही. ऊन चढलं की मासा खाली जायचा, काम थांबायचं. दुसऱ्या पहाटे परत. तिसऱ्या पहाटे परत. मरळी तेवढ्या चिखलात राहिल्या, त्या कुणाच्या हाती लागत नाहीत.

तीन दिवस डोह ढवळून काळा झाला होता. झिऱ्यांतही गाळच उतरला, ते पाणी कुणाला पिता आलं नाही. टँकरही आला नाही. मनकर्णेची पोर तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून रडायची थांबली. सहादेव दाराशी बसून राहिला. आत जाऊन बघायचं त्याला सुचेना. आपण पाणी वाचवायला गेलो आणि तीन दिवसांचं पाणी आपणच बुडवलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. नृसिंहरावांनी मिरजगावला चालत जाऊन एका दुकानदाराच्या घरून कळशीभर विहिरीचं पाणी आणलं. खांद्यावरून. ते पोरीच्या ओठांना लावलं तेव्हा तिनं बारीक आवाज काढला.

चौथ्या दिवशी गाळ खाली बसला. सहादेवानं डोहात कोपर घातलं. पाणी कोमट होतं. ओंजळ नाकाशी नेली. मातीचा वास होता, दुसरा नव्हता. मनकर्णा झिऱ्याशी वाटी घेऊन बसली होती. पोर छबूबाईच्या मांडीवर होती, अजून काडीसारखी. जगेल की नाही, कुणी बोलत नव्हतं.

नृसिंहराव त्या सकाळीच पहिल्या गाडीनं गेले होते. अंगाला चिखलाचा, माशांचा वास घेऊन ते एस.टी.त चढले तेव्हा शेजारचा माणूस उठून दुसरीकडं बसला. सहादेव गाडीपर्यंत गेला होता.

तो दिवस गुरुवार होता. सहादेव कार्ड घेऊन बसला. मग त्यानं लिहिलं आणि छबूबाईला हाक मारून तिला वाचून दाखवलं.

‘पाणी पावणेदोन फूट. गढूळ, वास नाही. वारा नाही. मासा नाही. मरळ असेल, ती धरू नये. माझ्याजवळ आता काठी नाही. येऊ नये. मागल्या कार्डात लिहिलं होतं ते सगळं खोटं. सहादेव, तलाव वडुळी.’

छबूबाई मांडीवरच्या पोरीला वारा घालत होती. तिचा हात थांबला नाही.

“बरं हाय,” ती म्हणाली.